शाळेत वेबपेज शिकवताय? या चुका टाळा

नववीच्या वर्गाला वेबपेज शिकवायला घेतलं की पहिल्याच तासाला कुणीतरी हाक मारतं, "मॅडम, माझं पान उघडतच नाही, नुसता कोड दिसतोय." फाइलचं नाव बघावं तर बरोबर, शेवटी वेबपेजची खूण असलेलं डॉट एचटीएमएलसुद्धा आहे. झालेलं असं असतं, की नोटपॅडमध्ये साधी फाइल सेव्ह करून मुलाने मागाहून नाव बदललेलं असतं. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे डॉट एचटीएमएलच्या मागे डॉट टीएक्सटी तसंच चिकटलेलं आहे हे त्याला दिसत नाही. डबल क्लिक केलं की नोटपॅडच उघडणार. ही चूक मुलाची नाही, आपल्या तयारीची आहे. तास सुरू होण्याआधी प्रत्येक मशीनवर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून ठेवा, आणि 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

मराठी मजकुराचा घोळ मात्र जरा समजून घ्यावा लागतो. मुलांना आपल्या गावावर, जत्रेवर, कबड्डीच्या संघावर पान करायचं असतं आणि ते मराठीतच व्हायला हवं, याबद्दल मी हट्टी आहे. मग अक्षरं बिघडतात, आणि आपण घाईने 'इंग्रजीत लिही' म्हणून मोकळे होतो. तसं करू नका. काय बिघडलंय ते नीट बघा, कारण प्रत्येक बिघाडाचा उपाय वेगळा आहे.

मराठीच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली विचित्र परकी अक्षरं दिसत असतील, तर मजकूर शाबूत आहे. ब्राउझरला तो कसा वाचायचा हे सांगायचं राहिलंय. पानाची माहिती ठेवणाऱ्या हेड टॅगमध्ये (टॅग म्हणजे ब्राउझरसाठी कोडमध्ये लिहिलेली खूण) यूटीएफ-८ ही अक्षरं साठवण्याची पद्धत सांगणारी मेटा कॅरसेटची ओळ टाका, पान सरळ होईल. नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर मजकूर सेव्ह होतानाच गेला. जुन्या नोटपॅडमध्ये एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, मराठी न समजणारं एएनएसआय राहिलं की असं होतं. तिथे मेटा टॅगचा उपयोग नाही, यूटीएफ-८ निवडून पुन्हा टाइप करावं लागतं. तिसरा प्रकार स्नेहसंमेलनाच्या अंकातून मजकूर उचलणाऱ्यांचा. तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असला, तर पानावर अर्थहीन रोमन अक्षरं येतात. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच पद्धतीत, बदलून घ्यायचा.

सजावट करतानाही पुस्तकातली इंग्रजी उदाहरणं जशीच्या तशी देवनागरीला लावू नका. लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं की शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटल्यासारखा दिसतो. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. लाइन हाइट १.६ च्या आसपास ठेवा, वाचणाऱ्याच्या डोळ्यांना लगेच फरक कळतो.

फोटो लॅबमध्ये दिसतो आणि घरी गायब होतो, हे तर नेहमीचंच. मुलाने सी ड्राइव्हपासूनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता फक्त त्याच मशीनवर खरा. पान आणि फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवून नुसतं फाइलचं नाव लिहायला सांगा. नावं लहान रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता. विंडोजवर लहानमोठ्या अक्षरांचा फरक खपून जातो, पण पान इंटरनेटवर दाखवणाऱ्या लिनक्स सर्व्हरवर चढवलं की तोच फोटो सापडत नाही.

वर्डमधून कोड चिकटवला तर सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वाकडी येतात आणि फोटो किंवा लिंक चालत नाही. धावत्या अक्षरांचा मार्की टॅग मुलांना भारी आवडतो, पण तो आता कालबाह्य ठरवला गेलाय. फॉन्ट आणि सेंटर टॅगही. ते शिकवण्यात तास घालवू नका, तेवढ्यात सीएसएसचे, म्हणजे पानाच्या सजावटीच्या भाषेतले, रंग आणि समास शिकवून होतात. आणि पान इंटरनेटवर जाणार असेल, तर त्यावर मुलांचे मोबाइल नंबर आणि घरचे पत्ते अजिबात नकोत.

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः कित्येक वर्षं केली. मूल अडलं की त्याच्या हातातून माऊस घ्यायचा, चूक दुरुस्त करायची आणि पुढच्या मशीनकडे जायचं. एका मशीनवर तीन-तीन मुलं असली की वेळ कुठून आणणार? पण ब्राउझर एचटीएमएलमधली चूक सांगत नाही, निमूटपणे जमेल तसं पान दाखवतो. त्यामुळे चूक शोधणं हाच शिकवण्याचा मुख्य भाग आहे, आणि नेमका तोच मी मुलांकडून काढून घेत होते.

आता मी हात मागे बांधून उभी राहते आणि एवढंच विचारते, "शेवटचं नीट दिसलं तेव्हापासून काय बदललंस? सेव्ह करून रिफ्रेश केलंस का?" सत्राच्या शेवटी मुद्दाम बिघडवलेलं पान प्रत्येक गटाला देते. गेल्या वेळी एका गटाचं पान कोरं पांढरं होतं. तिघींनी बॉडी टॅग दोनदा तपासला, रंग तपासले. मग कडेला बसलेली, एरवी न बोलणारी मुलगी ब्राउझरच्या वरच्या टॅबवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, आपला सगळा मजकूर इथे वर गेलाय." टॅबवर पानाचं नाव दाखवणारा टायटल टॅग बंद केलेला नव्हता.