तीन टाक्या, एक सम्प: घरातल्या रीफचा आराखडा

घरातली रीफ म्हणजे कोरल आणि मासे असलेलं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय. त्याच्या आराखड्याची कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी एक प्रश्न: वीज गेली की पाणी कुठे जाणार? एका टाकीपुरता हा प्रश्न सोपा असतो. तीन टाक्या एकाच सम्पला (सगळ्यांचं पाणी जिथे खाली येतं आणि पंपाने परत वर जातं ती टाकी) जोडल्या की त्याचं उत्तर लिटरमध्ये द्यावं लागतं, आणि फरशी ओली व्हायच्या आत दिलेलं बरं.

माझी मांडणी अशी आहे. मुख्य टाकी 120 × 60 सेंमी, पाण्याची खोली 55 सेंमी. कोरलचे तुकडे वाढवायची फ्रॅग टाकी 90 × 45 सेंमी, उथळ, जेमतेम 27 सेंमी पाणी. तिसरी 60 × 45 सेंमीची टाकी फक्त ॲनिमोनसाठी, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या डसऱ्या समुद्रजीवासाठी, कारण बबल-टिप ॲनिमोनला जागा पसंत पडली नाही की तो पाय सोडवून चालायला लागतो, वाटेतल्या कोरलांना डसतो आणि शेवटी टाकीतलं पाणी ढवळणाऱ्या वेव्ह पंपाच्या जाळीत जाऊन चिंध्या करून घेतो. सम्प 90 × 45 × 45 सेंमीचा. दगड-वाळूची जागा वजा केली तर एकूण पाणी साधारण 650 लिटर.

एकत्र जोडण्याचा फायदा उघड आहे: एकच स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), एकच डोसिंग पंप (क्षार मोजून सोडणारा), टेस्टही एकाच पाण्याची. पाणी जास्त म्हणून चढउतारही सावकाश. पण पाणी एक म्हणजे तापमान एक, क्षारता (खारेपणा) एक आणि रोगही एकच. म्हणून काय जोडायचं नाही, ते आधी ठरवा. समुद्रघोडे नकोत, त्यांना रीफपेक्षा थोडं थंड पाणी मानवतं. मॅन्टिस श्रिम्पची वेगळी टाकी मात्र बिनधास्त जोडा. त्याला शेजारी चालत नाहीत, पाणी चालतं. लेदर कोरल पाण्यात टर्पीनसारखी, इतर कोरलांना त्रासदायक रसायनं सोडतं आणि ती पाइपातून सगळीकडे पोचतात, त्यामुळे ते ठेवणार असाल तर सम्पमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन कायमचा हवा. एप्टेशिया (तणासारखा पसरणारा उपद्रवी ॲनिमोन) तर एका टाकीत दिसला की तिन्हीत आला असंच समजा.

क्वारंटाइन टाकी (नवे मासे आधी वेगळे ठेवायची) मात्र या जाळ्याला कधीच जोडू नका, तिची जाळी-बादलीसुद्धा वेगळी ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, एकदा शिरला की तिन्ही टाक्यांतले मासे काढून तांब्याच्या औषधात ठेवावे लागतात आणि रीफ माशांविना रिकामी ठेवावी लागते. या छंदात रूढ आकडा 76 दिवसांचा आहे. तांबं रीफच्या पाण्यात घालता येत नाही, त्याने झिंगे-गोगलगायी आणि कोरल मरतात.

आता मूळ प्रश्नाचा हिशेब. पंप बंद झाला की प्रत्येक टाकीतलं ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी खाली सांडतं त्या कडेच्या) दातांवरचं आणि रिटर्न नळीच्या (सम्पमधून पाणी वर आणणाऱ्या) तोंडापर्यंतचं पाणी खाली येतं. प्रत्येकी 3 सेंमी धरलं तर मुख्य टाकीतून 21.6, फ्रॅगमधून 12 आणि ॲनिमोनमधून 8 लिटर, म्हणजे सुमारे 42. त्यात पाइपांतलं आणि स्किमरमधलं धरून 50. माझ्या सम्पमध्ये चालू स्थितीत 25 सेंमी पाणी असतं. 50 लिटरने ते आणखी 12 सेंमी चढतं आणि 37 वर थांबतं. काठ 45 वर. जमलं. उलटा प्रवाह रोखणाऱ्या चेक व्हॉल्व्हच्या भरवशावर हा आकडा कमी करू नका. त्यात कोरलाइन शेवाळ साचतं, एखादी गोगलगाय अडकते, आणि तो नेमका हवा तेव्हा अर्धवट उघडा राहतो. त्यापेक्षा रिटर्नचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवा, म्हणजे पातळी थोडी उतरताच हवा शिरून सायफन (पाणी खाली ओढणारी सलग धार) तुटतो.

उलटा हिशेब लोक विसरतात, आणि माझ्या मते अनेक टाक्यांच्या मांडणीत खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. वीज चालू आहे, पण एका टाकीचा ड्रेन, म्हणजे पाणी सम्पमध्ये नेणारा पाइप, तुंबला. पंप सम्पमधल्या आपल्या कप्प्यातलं पाणी संपेपर्यंत वर फेकत राहणार आणि ते सगळं त्याच टाकीत साठणार. कप्पा 25 सेंमी रुंद आणि पाणी 22 सेंमी असेल तर ते भरतं जवळपास 25 लिटर. मुख्य टाकीत त्याने पातळी साडेतीन सेंमी चढते. काठ सहन करतो. तेच 25 लिटर ॲनिमोनच्या छोट्या टाकीत गेले तर 9 सेंमी, आणि पाणी बाहेर. म्हणजे धोका सगळ्यात लहान टाकीचा. मी पंपाचा कप्पा 15 सेंमीच ठेवला आहे, त्यामुळे वाढ साडेपाच सेंमीवर येते, आणि त्या टाकीचा काठ चालू पातळीपेक्षा 7 सेंमी उंच घेतला आहे. लहान कप्प्यात बाष्पीभवन लगेच जाणवतं, म्हणून ऑटो टॉप-ऑफ (उडून गेलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) अपरिहार्य. तो जास्तीत जास्त किती वेळ चालावा याची मर्यादा घाला, नाहीतर कप्पा रिकामा दिसतोय म्हणून तो अख्खं पिंप ओतून मोकळा होईल.

ड्रेन प्रत्येक टाकीला स्वतंत्र, थेट सम्पपर्यंत. दोन टाक्यांचे ड्रेन वाटेत एकत्र करू नका. एकातली हवा दुसऱ्याचा सायफन मोडते. किमान दोन पाइप हवेत: एक गेट व्हॉल्व्हसह (हळूहळू आवळता येणारा) पूर्ण सायफनचा, म्हणजे हवेविना भरून वाहणारा, दुसरा आणीबाणीचा, त्याला व्हॉल्व्ह नाही. लहान टाकीला मी तिसराही दिला आहे. सायफन लावताना गेट व्हॉल्व्ह अगदी थोडा-थोडा आवळत जा. आधी घळघळ ऐकू येते, मग गुरगुर, मग आवाज एकदम थांबतो आणि ओव्हरफ्लोच्या पेटीत पाणी हळूहळू चढू लागतं. आणीबाणीच्या पाइपात करंगळीएवढी धार पडेपर्यंत चढू द्या आणि तिथेच सोडा. बॉल व्हॉल्व्हने हे बारीक काम होत नाही, त्याचं हँडल जरा हललं की सगळं बिघडतं.

रिटर्नला एक पंप, पुढे मॅनिफोल्ड (अनेक फाटे असलेला पाइप), प्रत्येक टाकीला आपापला व्हॉल्व्ह आणि युनियन (उघडता येणारा जोड). सम्पमधून तासाला एकूण पाण्याच्या तीन ते पाच पट प्रवाह पुरतो, म्हणजे इथे 2600 लिटरच्या आसपास. खोक्यावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. तुमच्या उंचीला किती मिळेल ते पंपाच्या आलेखावर पाहा. कोरलला लागणारा खरा प्रवाह टाकीतल्या वेव्ह पंपांनी द्यायचा.

वजनाचं सांगते. मुख्य टाकीतलं पाणीच 400 किलो, दगड, काच आणि स्टँड धरून साडेपाचशे, तेही पाऊण चौरस मीटरवर. घरांचे मजले साधारण चौरस मीटरला 150 ते 200 किलो धरून आखतात. तळमजला नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, फर्निचरवाल्याला नको.

विजेचं थोडक्यात: आरसीसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच, प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ, आणि एका मोठ्या हीटरऐवजी निम्म्या ताकदीचे दोन. थर्मोस्टॅट बहुधा चालू स्थितीतच चिकटतो. निम्म्या ताकदीचा हीटर पाणी उकडायच्या आत तुमच्या लक्षात येतो.

पाण्याचे आकडे: क्षारता 35 पीपीटी (हजारात भाग), तापमान 25 अंश, अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची क्षमता) 8 ते 9 डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम 400 ते 450, मॅग्नेशियम 1250 ते 1350 पीपीएम (दशलक्षात भाग). पाणी आरओ-डीआयचं (विरघळलेले क्षार काढून टाकलेलं), टीडीएस (विरघळलेले पदार्थ) शून्य. मीठ लिटरला 35 ते 38 ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीलाच 24 किलोच्या आसपास.

पण ते मीठ इतक्यात उघडू नका. सगळं जोडून आधी साध्या पाण्याने भरा आणि पंप चालवा. मग पंपाचं बटण बंद करून सम्पमध्ये पाणी जिथे थांबेल तिथे पक्क्या शाईने रेघ मारा. चालू पातळीची दुसरी रेघ, आणि यापुढे कुणीही हातानं पाणी घालताना ती ओलांडायची नाही. मग एकेका टाकीचा सायफन मुद्दाम हाताने बंद करा, आणीबाणीचा पाइप एकटा पेलतो का पाहा. शेवटी सगळ्यात लहान टाकीचे सगळेच ड्रेन बुजवा आणि पंप कोरडा पडेपर्यंत शेजारी उभ्या राहा किंवा उभे राहा, हात प्लगवर ठेवून. गळती पुढच्या एक-दोन दिवसांत युनियनपाशी दिसते. तिथे टिशू पेपर गुंडाळून ठेवला की थेंबही लपत नाही.

हे पार पडल्यावर प्रत्येक व्हॉल्व्हवर त्याच्या टाकीचं नाव लिहा, मोठ्या अक्षरात, म्हणजे तुम्ही घरी नसताना फोनवर “डावीकडून दुसरा” असं समजावत बसावं लागणार नाही. मग साधं पाणी काढा आणि मिठाची पोती उघडा.