इराणमध्ये टॅक्सीवाला ‘पैसे नकोत’ म्हणाला तर

तेहरान-इस्फहानला टॅक्सीतून उतरताना किंवा दुकानात पैसे विचारले की हमखास ऐकू येतं, ‘काबेल नदारे’. म्हणजे, ‘तुमच्यापुढे याची काय किंमत!’ नवखा माणूस खरंच फुकट समजून निघतो आणि पंचाईत होते. हा ‘तारोफ’, तिथला शिष्टाचार. आपल्याकडे पाहुणा ‘चहा नको’ म्हणतो, तसंच काहीसं.

१. हसून ‘ख्वाहेश मीकोनम’ (कृपया) म्हणा आणि पुन्हा विचारा, ‘चंद मीशे?’ (किती झाले?)
२. पुन्हा नकार आला तरी पैसे पुढे करा. दोन-तीन फेऱ्यांत आकडा सांगतातच.
३. आकडा ऐकला की ‘तोमान की रियाल?’ हेही विचारा. बोलण्यात तोमान असतो, नोटेवर बहुधा रियाल. १ तोमान म्हणजे १० रियाल.
४. निघताना ‘दस्ते शोमा दर्द नकोने’ म्हणा. शब्दशः ‘तुमचा हात दुखू नये’, पण अर्थ आभाराचाच. मला हे फार गोड वाटतं.

सावधान: हाच नियम घरच्या आमंत्रणालाही लागू. ओळखपाळख नसताना कुणी ‘घरी जेवायला चला’ म्हटलं, तर लगेच होकार देऊ नका. दोन-तीनदा आग्रह झाला, वेळ-पत्ता ठरला, तरच जा.