प्लग-इन हायब्रिड घेताय? आधी महिनाभर वहीत किलोमीटर लिहा आणि या चुका टाळा

गेल्या दिवाळीत माझ्या दाजींनी एक सेकंडहँड प्लग-इन हायब्रिड जवळजवळ फायनल केली होती, टोकन द्यायचं तेवढं राहिलं होतं. प्लग-इन हायब्रिड म्हणजे घरी प्लग लावून बॅटरी चार्ज करता येते आणि बॅटरी संपली की पेट्रोलवर चालते अशी गाडी. राहायला कोल्हापुरात शिवाजी पेठेत, काम कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत, जाऊन-येऊन साधारण ४५ किलोमीटर. विकणारा म्हणाला गाडी एका चार्जवर ५० जाते, म्हणजे पेट्रोल पंपाचं तोंड बघायला नको. ऐकायला हिशेब एकदम चोख वाटतो आणि इथंच बहुतेकांची पहिली चूक होते. मी त्यांना म्हटलं, "दाजी, एक महिना थांबा. रोज रात्री गाडी लावताना मीटर बघून किलोमीटर वहीत लिहा, मग ठरवू." त्यांनी खरंच लिहिलं, आणि ती वही बघूनच मला हे सगळं लिहावंसं वाटलं.

वहीत काय निघालं बघा. ३० दिवसांत ४५ किलोमीटरचे दिवस फक्त १५. सहा दिवस कागलवरून तसंच पुढं इचलकरंजी नाहीतर सांगली, ते शंभराच्या आसपास. दोनदा पुणे, एका फेरीला जाऊन-येऊन ४७०. चार दिवस गावातल्या गावात १०, आणि तीन दिवस गाडी जागची हलली नाही. एकूण साधारण २२५५ किलोमीटर, म्हणजे सरासरी दिवसाला ७५. आता गंमत अशी की ७५ किलोमीटरचा दिवस त्या अख्ख्या महिन्यात एकही नाही! म्हणून सरासरी काढून गाडी घेऊ नका, दिवस मोजा. बॅटरीच्या टप्प्यात किती दिवस बसतात आणि टप्प्याबाहेरचे दिवस किती लांब जातात, या दोनच गोष्टी बघायच्या.

त्यात ५० लिहिलंय म्हणून ५० मिळत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात एसी, हायवेला ९०-१०० चा वेग, गाडीत चार माणसं, मग ४० मिळाले तरी चांगलं म्हणायचं. आम्ही ४० धरले आणि रोज रात्री न चुकता चार्ज केली असं मानलं, तरी महिन्यात विजेवर ९६० किलोमीटर होतात. उरलेले १२९५ पेट्रोलवर. बॅटरी संपली की ही गाडी बंद पडत नाही, साध्या हायब्रिडसारखी चालत राहते, पण बॅटरी आणि मोटरचं बरंच जादा वजन घेऊन चालते.

आता पैशाचं. वीज १२ रुपये युनिट धरा आणि चार्जिंगमधली घट धरून मोठी गाडी एका युनिटला ५ किलोमीटर जाते असं धरा, म्हणजे किलोमीटरला २ रुपये ४० पैसे. दाजींची आत्ताची डिझेल गाडी १८ चं अॅव्हरेज देते, डिझेल ९० धरलं तर किलोमीटरला ५ रुपये. आणि बॅटरी संपलेली ही मोठी पेट्रोल गाडी १३ चं अॅव्हरेज देईल, पेट्रोल १०५ धरलं तर ८ रुपये. म्हणजे विजेच्या ९६० किलोमीटरवर महिन्याला अडीच हजार वाचणार आणि पेट्रोलच्या १२९५ किलोमीटरवर जवळपास ३९०० जादा जाणार. गाडीची किंमत अजून मोजलीच नाही! तुमचे आकडे वेगळे असतील, वीज बिलातला तुमचा शेवटचा स्लॅब बघा कारण गाडी चार्ज करायला लागलात की युनिट वाढतात आणि वरचा दर लागतो, पण हिशेबाची पद्धत हीच ठेवा. ब्रोशरवरचं अॅव्हरेज मात्र या हिशेबात अजिबात धरू नका. त्यातला आकडा भरलेल्या बॅटरीची चाचणी धरून काढलेला असतो. युरोपियन कमिशननं २०२१ मध्ये नोंद झालेल्या गाड्यांची रस्त्यावरची माहिती २०२४ मध्ये मांडली, त्यात प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष उत्सर्जन, म्हणजे पर्यायानं जळालेलं इंधन, कागदावरच्यापेक्षा सरासरी साडेतीन पट निघालं, आणि मुख्य कारण हेच की लोक गाडी वाटलं होतं तेवढी चार्जच करत नाहीत.

आणि चार्जिंगला जागा आहे का, हे लोक सगळ्यात शेवटी विचारतात. ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. पेठेत गाडी बोळात लागते, आज इथं तर उद्या तिथं, विजेचं मीटर वरच्या मजल्यावर. दाजी म्हणाले गॅलरीतनं वायर सोडू की. म्हणून एका मित्राची गाडी आणून एका रविवारी आम्ही करून बघितलं, गॅलरीतला जुना सॉकेट, त्याला एक्स्टेन्शन बोर्ड आणि खाली बोळात गाडी. पाऊण तासानं मी वर जाऊन प्लगला हात लावला तर चटका बसला, बोर्डाच्या भोकाची कड तपकिरी झालेली आणि जळक्या प्लास्टिकचा वास. ताबडतोब बटण बंद केलं. घरात माणसं झोपलेली असताना रात्री दोनला हे झालं असतं तर काय, या विचारानं आजही अंगावर काटा येतो.

त्यामुळं एक्स्टेन्शनवर चार्जिंग कधीच करू नका. १६ अॅम्पियरचा स्वतंत्र सॉकेट, मीटरपासून त्याची वेगळी जाड वायर, स्वतःचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा), आणि वायरमनकडून अर्थिंग मोजून घेणं, एवढं झाल्याशिवाय गाडीचा विचार नको. ३.३ किलोवॅटचा चार्जर लावणार असाल तर महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती आहे ते बघा, कमी असेल तर वाढवून घ्या. आणि आपल्याकडं अजून एक गोष्ट, पाणी. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी बघितलाय, शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. नागाळा पार्क, शाहूपुरी, दुधाळी अशा भागात पार्किंगमधला सॉकेट गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवू नका, पुराची खूण जिथं होती त्याच्या वर घ्या, आणि पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं निघाली की चार्जर काढून घरात ठेवा आणि गाडी उंचावर न्या.

शोरूममध्ये अजून एक गोंधळ होतो. मारुती ग्रँड विटारा, टोयोटा हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस, होंडा सिटी यांची स्ट्राँग हायब्रिड मॉडेलं मिळतात, त्यांना प्लगच नाही, बॅटरी इंजिन आणि ब्रेकवरच भरते. प्लग-इन आपल्याकडं अजून मोजक्या आणि बहुतेक महागड्या. बीएमडब्ल्यू एक्सएम २०२२ च्या डिसेंबरात आली ती २ कोटी ६० लाखाला, व्होल्वोची एक्ससी९० टी८ त्याआधीची. म्हणून बरेच जण सेकंडहँडकडं वळतात. प्लग आहे म्हणजे इलेक्ट्रिकचा टॅक्स लागेल असंही समजू नका, २२ सप्टेंबर २०२५ पासून इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्के आहे आणि मोठ्या हायब्रिडला ४० टक्के.

आधीच घेतली असेल आणि काही खटकत असेल तर घाबरू नका, बऱ्याच गोष्टी बिघाड नसतात. बॅटरी फुल असून इंजिन सुरू होतं? अॅक्सिलरेटर जोरात दाबला, मोड हायब्रिडवर राहिला, बॅटरी फार गरम झाली, किंवा टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने तसंच पडून आहे म्हणून काही गाड्या स्वतःहून इंजिन चालवतात. पेट्रोलचं मात्र मनावर घ्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आपल्याच साखर पट्ट्यात बनणारं इथेनॉल, आणि ते ओलावा ओढून घेतं. रोज विजेवरच चालत असाल तर टाकी फुल करून ठेवू नका, थोडं थोडं भरा आणि महिन्यातनं एकदा तरी इंजिन चांगलं गरम होईपर्यंत चालवा. चार्जिंग मध्येच तुटतं? आधी अर्थिंग बघा, मग व्होल्टेज. शेती पंपांच्या लाइनवर घर असेल तर संध्याकाळी दाब पडतो, तेव्हा चार्जरचे अॅम्पियर १० वर किंवा ८ वर आणा नाहीतर मध्यरात्रीनंतर लावा. घरच्या इन्व्हर्टरवर तर लावूच नका. पुण्याला निघताना लोक हायवेच्या सुरुवातीलाच सगळी बॅटरी संपवतात, ती पण चूक. हायवेला होल्ड मोड टाकून बॅटरी राखून ठेवा आणि पुण्यातल्या ट्रॅफिकमध्ये वापरा, तिथं ती खरी कामाला येते.

मग ही गाडी कुणाला जमते? आमच्या ओळखीचे एक काका रुईकर कॉलनीत राहतात, बंगला, पोर्चमध्ये सॉकेट, शिरोली एमआयडीसीत जाऊन-येऊन २० च्या आत, आणि महिन्या-दोन महिन्यातनं एकदा गोवा. त्यांच्या वहीत ३० पैकी २७ दिवस विजेवर बसतात. त्यांना मी बिनधास्त घ्या म्हणालो. दाजींनी मात्र टोकन दिलं नाही, डिझेल गाडीच चालू ठेवलीय आणि तळमजल्यावर मीटर घ्यायचं बघतायत.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा बॅटरीची वॉरंटी बघा, बऱ्याच कंपन्या ८ वर्षं देतात, त्यातली किती शिल्लक आहे ते कागदावर बघा. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट दिलंय तेही बघा, कारण डिकीतली जागा बॅटरीनं खाल्लेली असते आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर रात्री टायर कापला तर किट काही कामाचं नाही. विकणारा टेस्ट ड्राइव्हला गाडी फुल चार्ज करून आणेल, ती चालवाच, पण नंतर बॅटरी पार उतरवून चार माणसं बसवून, एसी लावून पन्हाळा चढवा. तिथं इंजिनाचा आवाज, ओढ आणि मीटरवरचं अॅव्हरेज बघा, कारण पुण्याच्या प्रत्येक फेरीला तुम्हाला तीच गाडी चालवायचीय.