चोर तुळशीपाशी
फोंड्यात संध्याकाळ झाली की माझ्या हॅम (हौशी) रेडिओवर खरखर सुरू व्हायची: ४० मीटर बँडवर, ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास, एस-मीटरचा (सिग्नलचा जोर दाखवणारा) काटा ९ वर जाऊन बसायचा. मी आधी दोष दिला पावसाला, मग अँटेनाच्या गंजलेल्या जोडांना. शेवटी रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावला आणि घराचा मेन स्विच बंद केला. खरखर जवळजवळ गायब! म्हणजे चोर घरातच. एकेक एमसीबी वर करत, मिडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर घेऊन फिरलो. तुळशीवृंदावनापाशी तो किंचाळला: एलईडी माळेचा स्वस्त अडॅप्टर. (आईने जत्रेच्या फेरीतून हौसेने आणलेला, फेकायची सोय नाही.) त्याच्या वायरीचे ८ वेढे फेराइट रिंगवर (अशी खरखर अडवणाऱ्या चुंबकीय कड्यावर) घेतले, अँटेनाच्या कोॲक्स केबललाही तसेच. काटा आता ४ वर. उरलेली कुरकुर शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरची असावी. चवथीला त्यांच्याकडे माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास) बघायला जाईन तेव्हा विषय काढीन.