घाटात रडणारी गाडी

"मिस्त्री, आंबा घाट चढायला लागली की गाडी रडते. साखरप्यापर्यंत काही नाही." मिरकरवाड्यातून मासळी घेऊन कोल्हापूरला जाणाऱ्या ऑटोमॅटिक पिकअपचा मालक सांगत होता. आधी एका ठिकाणी त्याला गिअरबॉक्स उतरवायला सांगितलं होतं. खर्चाचा आकडा ऐकून बिचाऱ्याची झोप उडाली होती.

आयटीआयत मेकॅनिक मोटर व्हेईकलचा २ वर्षांचा ट्रेड करून आमच्याकडे रत्नागिरीला शिकायला येणाऱ्या मुलांना मी हीच गाडी समजावून सांगतो. त्या एका वाक्यात अर्धं निदान होतं. गाडीवाला 'कधी' आवाज येतो हे सांगत असतो आणि आपण मात्र 'कुठून' येतो ते शोधायला पाना घेऊन खाली शिरतो.

पहिली गोष्ट, क्लच पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक, एवढ्यावर थांबू नका. बऱ्याच छोट्या गाड्यांत एएमटी असतो. तो साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त मशीन करतं. त्यात टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग, नाही आणि ऑटोमॅटिकसारखा ऑइल पंपही नाही. आतली रचना माहीत करून घेतल्याशिवाय आवाजाबद्दल मत देऊ नका.

मग बघायचं, आवाज कशाबरोबर चढतो. गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, लिव्हर पार्कमध्ये. हलकी रेस द्या. रेसबरोबर सूं आवाज चढत गेला तर संशय गिअरबॉक्सच्या पंपावर जातो. पण पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि अल्टरनेटरचं बेअरिंगही अगदी असंच ओरडतं. हे दोन्ही फिरवणारा बेल्ट काढून अर्धा मिनिट इंजिन चालवा. आवाज गेला तर गिअरबॉक्स निर्दोष आहे. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो.

न्यूट्रलला शांत आणि ब्रेक दाबून डी मध्ये टाकलं की आवाज, असं असेल तर कन्व्हर्टरच्या बेअरिंगचा विचार करा. न्यूट्रलला कन्व्हर्टरचे दोन्ही भाग जवळजवळ बरोबर फिरतात, डी मध्ये एक थांबतो, दुसरा फिरत राहतो. एखाद्याच गिअरला आवाज येऊन डायरेक्ट गिअरला, म्हणजे इंजिनचा वेग जसाच्या तसा पुढे जातो त्या गिअरला, नाहीसा होत असेल तर प्लॅनेटरी सेट, म्हणजे मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचा संच, बघा. डायरेक्टमध्ये तो अख्खा एकजीव होऊन फिरतो, आत दात दातावर चालत नाही.

चालत्या गाडीची परीक्षा मला सगळ्यात आवडते. हातखंब्याच्या पुढे सपाट रस्ता बघून मॅन्युअल मोडमध्ये ताशी ४० ला तिसऱ्या गिअरात चालवा, मग त्याच वेगाला चौथ्यात. सूर बदलला तर आवाज इंजिनबरोबर फिरणाऱ्या भागाचा. वेग तोच आणि सूरही तोच राहिला तर डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा भाग) किंवा चाकाचं हब बेअरिंग. काही जण हे घाटात न्यूट्रल टाकून करतात. ते कधीही करू नका, इंजिनचा ब्रेक जातो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो.

आता आपली पिकअप. सपाटीला पार्कमध्ये रेस दिली, आवाज नाही. सपाट रस्त्यावरही नाही. फक्त चढाला. मला ऑइलचा संशय आला. या गाडीला ऑइल मोजायची डिपस्टिक नव्हती, चेंबरला, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याला, पातळी बघायचा लेव्हल बोल्ट होता. गाडी समतल उचलली, इंजिन चालू ठेवलं, स्कॅनरवर ऑइलचं तापमान कंपनीने दिलेल्या आकड्यावर येऊ दिलं आणि बोल्ट सोडला. भोकातून ऑइल ठिबकायला हवं होतं. एक थेंब आला नाही. हातपंपाने भरत गेलो, दीड लिटर गेल्यावर भोकातून बारीक धार लागली.

म्हणजे चढावर चेंबरमधलं उरलंसुरलं ऑइल मागे सरायचं, गाळणीचं तोंड उघडं पडायचं आणि पंप हवा ओढून किंचाळायचा. पण काम इथे संपत नाही. दीड लिटर गेलं कुठे? जमिनीवर डाग नव्हता, रेडिएटरच्या पाण्यात ऑइलचा तवंग नव्हता. ऑइल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या लोखंडी पाइपावर कापड फिरवत गेलो. चॅसीला धरणाऱ्या क्लिपपाशी कापड ऑइलने लाल झालं. क्लिप काढली तर खाली पाइपाला गंजाची खपली, आणि खपलीखालून ऑइल पाझरत होतं. हौद्यातून गळणारं बर्फाचं खारं पाणी रोज त्याच क्लिपमध्ये साचत होतं. पाझर एवढा बारीक की वाऱ्याने तो चॅसीवरच पसरायचा, खाली पडायचाच नाही. पाइप बदलला, चेंबर उतरवून त्यातला लोखंडाचा कीस धरणारा चुंबक पाहिला. त्यावर करडा मऊ गाळ होता. तो चालतो. चकाकते तुकडे असते तर मात्र गिअरबॉक्स खोलावाच लागला असता. नवी गाळणी आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच ऑइल घातलं.

ऑइलचा रंगही बघायला शिका. काळपट आणि जळका वास म्हणजे गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच प्लेट जळताहेत. दुधाळ गुलाबी म्हणजे आत पाणी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हासारखी पाण्यात राहिलेली गाडी आली तर स्टार्टर मारू नका. ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवा खेळायच्या भोकातून, पाणी आत जातं आणि क्लच प्लेटचं अस्तर सुटतं. आधी सगळं ऑइल काढून बघा.

पिकअपवाला आठवड्याने कोल्हापूरहून परतताना थांबला. घाट दोनदा चढून आला होता, आवाज नव्हता. तरी मी गाडी परत उचलली, लेव्हल बोल्ट सोडून ठिबक पाहिली आणि नव्या पाइपाची क्लिप काढून खाली ग्रीस लावलं.