आधी संवेग, मग ऊर्जा: अकरावीच्या फिजिक्सला नव्याने बसणाऱ्यांसाठी

दहावीपर्यंत मी भुसावळला मराठी माध्यमात शिकलो. तिथला ‘संवेग’ (वस्तुमान गुणिले वेग) अकरावी सायन्सला ‘मोमेंटम’ झाला आणि ‘इनइलॅस्टिक कोलिजन’च्या, म्हणजे ज्या धडकेत गतिज ऊर्जा कमी होते तिच्या, गणितांत मी सपाटून मार खाल्ला. धडक दिसली की दोन्हीकडची गतिज ऊर्जा लिहायची आणि मध्ये बरोबरचं चिन्ह टाकायचं, एवढंच मला माहीत. ऊर्जा नष्ट होत नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं. पण ते एकूण ऊर्जेबद्दल खरं आहे. एकट्या गतिज ऊर्जेला ते लागू नाही.

गाठ सुटली ती यार्डातल्या आवाजाने. आमचं घर रुळांजवळ. रात्री शंटिंगमध्ये, म्हणजे डबे हलवून जोडताना, डब्याला डबा लागला की धडाम्! वडील रेल्वेत होते. त्यांना विचारलं, ही ऊर्जा जाते कुठे? म्हणाले, “ऐकू येतंय ना? थोडी त्यात. बाकीची कपलिंगमागच्या घासाघाशीत जिरते, तिथलं लोखंड तापतं.”

मग वहीत सोयीचे आकडे घेतले. 20 टनांचा रिकामा डबा सेकंदाला 2 मीटरने येतो, 60 टनांच्या भरलेल्या, उभ्या डब्याला जुळतो. धडकेआधी आणि नंतर एकूण संवेग तेवढाच, वस्तुमान चौपट, म्हणून वेग 0.5 मीटर. गतिज ऊर्जा आधी 40,000 ज्यूल, नंतर 10,000. म्हणजे 30,000 गेले.

आता उलटं करा. भरलेला डबा त्याच वेगाने येऊन उभ्या रिकाम्याला जुळू द्या. एकत्र वेग 1.5 मीटर, ऊर्जा 1,20,000 वरून 90,000. पुन्हा 30,000च! हे पाहिलं त्या रात्री मला झोप आली नाही. डबे जुळताना किती ऊर्जा जाणार, हे दोन वस्तुमानं आणि त्यांचा एकमेकांच्या तुलनेतला वेग यांवर ठरतं. कोण उभा होता याने फरक पडत नाही.

टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात गोळी रुतते, ते गणित मात्र दोन टप्प्यांत सोडवा. रुतताना फक्त संवेग धरा. त्यानंतर ठोकळा झोका घेत वर जातो, तिथे गतिज ऊर्जेची स्थितिज ऊर्जा करा. दोन्ही टप्पे एकाच समीकरणात कोंबले की उत्तर गेलंच.

आणि समोरासमोरच्या धडकेत एका वेगाला वजा चिन्ह द्या. 20-20 टनांचे डबे दोन्हीकडून 2 मीटरने येऊन जुळले, तर संवेग आधीही शून्य, नंतरही शून्य. दोन्ही जागीच उभे राहतात आणि 80,000 ज्यूल सगळेच्या सगळे त्या एका धडकेत आवाज आणि उष्णता होऊन जातात.