लॅबव्ह्यूमध्ये टीमसाठी क्लस्टर बनवताय? या चुका टाळा

लॅबव्ह्यूत (चौकटी वायरने जोडून प्रोग्राम बनवायचं साधन) एकट्याने काम करताना डेटा कसाही रचला तरी निभावून जातं, कारण कोणती वायर कुठे जाते ते आपल्याला पाठ असतं. टीममध्ये दुसरा माणूस आला की हे निभावणं संपतं. दर प्रोजेक्टमध्ये नवी मुलं त्याच जागी अडकतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

साधा अनबंडल वापरणं

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. क्लस्टर म्हणजे वेगवेगळ्या किमतींचा एक गठ्ठा; बंडल तो बांधतो, अनबंडल त्यातले घटक बाहेर काढतो. साधा बंडल आणि अनबंडल घटकांच्या क्रमावर चालतात, नावावर नाही; नावावर चालतात ते ‘बाय नेम’. एका इंजिन टेस्ट बेंचच्या कामात मोजमापांचा क्लस्टर होता. त्यात ऑइलचं तापमान आणि कूलंटचं तापमान एकाखाली एक, दोन्ही डबल (दशांश आकडे). एका मुलाने पॅनेल नीटनेटकं दिसावं म्हणून ‘रीऑर्डर कंट्रोल्स’ करून त्या दोघांचा क्रम बदलला. बाय नेमवाली ठिकाणं नीट चालली. रिपोर्ट बनवणाऱ्या जुन्या व्हीआयमध्ये (लॅबव्ह्यूच्या प्रोग्राम फाइलमध्ये) मात्र साधा अनबंडल होता. दोन्ही घटकांचा प्रकार एकच, त्यामुळे वायर तुटली नाही, रनचा बाणही (चूक असली की तो मोडलेला दिसतो) अखंड राहिला आणि रिपोर्टमध्ये ऑइलच्या रकान्यात कूलंटचे आकडे छापले जाऊ लागले. इंजिन गरम झालं की दोन्ही तापमानं जवळपासच असतात, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. शेवटी थंड इंजिनाच्या चाचणीत कूलंटपेक्षा ऑइल आधी तापताना दिसलं, तेव्हा ग्राहकाच्या इंजिनीअरने विचारलं. त्या काळातले सगळे रिपोर्ट कच्च्या डेटावरून पुन्हा काढावे लागले.

दुसऱ्याची व्हीआय हातात आली की मी आधी साधे अनबंडल शोधतो आणि राइट क्लिक करून रिप्लेसने बाय नेम बसवतो. नावात एकक लिहायचं आणि एका क्लस्टरमध्ये तेच नाव दोनदा येऊ द्यायचं नाही. ‘साधा बंडल पटकन बसतो’ हे मला कुणी सांगू नये. वाचणारे दोन सेकंद पुढे कुणाच्या तरी दोन दिवसांतून वसूल होतात.

टाइप डेफ नंतर करू म्हणणं

नंतर कुणीही करत नाही. क्लस्टर किंवा एनम (ठरलेल्या नावांची यादी) दोन व्हीआयमध्ये जाणार असेल, तर पहिल्याच दिवशी त्याची व्याख्या ठेवणारी वेगळी कंट्रोल फाइल, म्हणजेच टाइप डेफ, करा. नाहीतर एक घटक वाढला की प्रत्येक कॉपी हाताने दुरुस्त करत बसावं लागतं. वायर जुळत नाही म्हणून ‘डिस्कनेक्ट फ्रॉम टाइप डेफ’ करणारे तर प्रश्न सोडवत नाहीत, पुढच्या माणसावर ढकलतात. स्ट्रिक्ट टाइप डेफ कंट्रोल सगळीकडे सारखा दिसण्यासाठी ठेवा, डेटासाठी साधा पुरतो.

टाइप डेफ बदलण्याआधी मी पूर्ण प्रोजेक्ट उघडतो आणि बदल झाल्यावर ‘सेव्ह ऑल’ करतो. त्या वेळी मेमरीत नसलेल्या व्हीआयमधल्या क्लस्टर कॉन्स्टंटच्या किमती नंतर बिघडू शकतात. म्हणून लिमिट, चॅनलची नावं असल्या गोष्टी कॉन्स्टंटमध्ये कोंबत नाही, कॉन्फिग फाइलमधून वाचतो.

एनमच्या केसमध्ये डिफॉल्ट ठेवणं

केस म्हणजे एनमच्या एकेका किमतीसाठी चालणारा कोड, आणि डिफॉल्ट म्हणजे ‘बाकी सगळ्यां’साठीची केस. ही डिफॉल्ट केस काढून टाका. मग एनममध्ये नवी स्टेट (नवी किंमत) आली की बाण मोडतो आणि काम कुठे बाकी आहे ते लॅबव्ह्यूच दाखवतं. डिफॉल्ट असेल तर नवी स्टेट गुपचूप चुकीच्या केसमध्ये जाते.

सगळं एकाच क्लस्टरमध्ये

कॉन्फिग, मोजमापं आणि स्क्रीनची अवस्था वेगवेगळी ठेवा. ज्या सबव्हीआयला (दुसऱ्या व्हीआयच्या आत वापरलेल्या व्हीआयला) दोनच आकडे लागतात, तिला पन्नास घटकांची वायर देऊ नका.

क्लस्टर ग्लोबलमध्ये ठेवून दोन लूपमधून लिहिणं

ग्लोबल म्हणजे कुठूनही वाचता-लिहिता येणारी जागा. तिथे एका लूपने वाचून बदललेलं दुसरा पुसून टाकतो. क्लास (डेटा आणि त्यावर काम करणाऱ्या मेथड एकत्र) वापरा. 2006 च्या 8.20 आवृत्तीपासून ते आहेत आणि त्यांच्या आतला डेटा फक्त त्यांच्याच मेथडना दिसतो. एकच डेटा दोन लूपना लागणार असेल, तर डेटा व्हॅल्यू रेफरन्समध्ये (ज्यातला डेटा एका वेळी एकालाच बदलता येतो) ठेवा.

एकच कंट्रोल फाइल दोघांनी बदलणं

ही फाइल बायनरी असते. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) तिच्या ओळी जुळवू शकत नाही, कुणा एकाचं काम फेकावं लागतं. आमच्याकडे प्रत्येक टाइप डेफला एक मालक असतो. घटक वाढवायचा असेल तर त्याला सांगायचं, तो बदलून कमिट करतो आणि बाकीच्यांनी पुल करून तो बदल आपल्याकडे घेतल्याशिवाय पुढचं काम सुरू करायचं नाही.